मानाची खोली

विटनलोहमध्ये ज्याला स्वतःचं घर नाही त्याला गाव पाळीने सांभाळी. एका घरी एक आठवडा. शनिवारी संध्याकाळी चर्चची घंटा झाली की त्याने आपलं गाठोडं उचलायचं आणि पुढच्या घराच्या दारात जाऊन उभं राहायचं. पाद्रीबुवांना या रीतीचा फार अभिमान. बाहेरगावचा कुणी आला की ते तिची तारीफ ऐकवत. त्या रीतीत एक मेख होती ती मात्र ते सांगत नसत. पाळीचा माणूस ज्या छपराखाली मरेल त्या घराने त्याची माती करायची. शवपेटी त्यांची, घंटा वाजवणाऱ्याची बिअर त्यांची, आणि खांदा द्यायला येणाऱ्या अख्ख्या गावाचं जेवणही त्यांचंच. त्यामुळे पाळीचा माणूस खोकायला लागला की त्या घराला शनिवारपर्यंत दम निघत नसे.

कोर्ड वीबे हा असा पाळीचा माणूस होता. वय पन्नाशीच्या आतलं, पण बघणाऱ्याला सत्तरीचा वाटे. डावा गुडघा फ्रेंच गोळीने कायमचा आखडलेला, छातीत कफाचं बिऱ्हाड. मळणीला उपयोग नाही, नांगराला नाही. शेंगा सोलायच्या, दोर वळायचे, मिळेल ती लापशी खायची आणि गोठ्यातल्या पेंढ्यात पडायचं. आमच्याकडची घरं म्हणजे एकच लांबलचक छप्पर. एका टोकाला गाडी आत जाईल एवढं मोठं दार, मधे मळणीची मोकळी जागा, तिच्या दोन्ही अंगांना गाई, दुसऱ्या टोकाला चूल, आणि चुलीच्या मागे खोल्या. थंडीत अख्ख्या घरात दोनच जागी ऊब, चुलीपाशी नाहीतर गाईंपाशी. चुलीपाशी घरची माणसं बसत.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात लोमानांकडे पाळी असताना त्याला ताप भरला. डीर्क लोमान गावातला दुसऱ्या नंबरचा शेतकरी, आणि त्याची बायको इल्साबे त्या घराची खरी कारभारीण. तिने बुधवारीच त्याला शेणाच्या गाडीत घातलं. वर स्वतःच्या हाताने पेंढा पसरला आणि म्हणाली, "मी काही मनाने वाईट नाही रे कोर्ड. पण मेलास तर निदान पुढे जाऊन मर." त्या वर्षीच्या क्रमात पुढचं घर टीडेमानांचं, गावातलं पहिलं. त्यांनी गाडी बघून दाराला अडसर घातला. गडी बिचारा मधल्या मधे सापडला. त्याने कोर्डला दोन्ही शेतांमधल्या दगडापाशी उतरवलं आणि गाडी घेऊन परत गेला.

तिथून त्याला उचललं गेशेने. गेशे लुटयेन्स गावाच्या टोकाला एका खोपटात एकटी राहायची. खोपट लोमानांच्या जमिनीवर होतं, पण घर ते घर, म्हणून तिलाही पाळी होतीच. तिने त्याला हातगाडीवर ओढत नेलं, चुलीपुढे टाकलं, दलदलीतली वाळवलेली माती रात्रंदिवस जाळली, आणि तो शुद्धीवर येईपर्यंत त्याला शिव्या घातल्या. "मेलास ना माझ्या घरी, तर पेटी माझ्या दाराच्या फळ्यांची करावी लागेल. मग वारा कोण अडवणार, तू?" कोर्ड जगला.

ती त्याच्यासाठी एवढं का करते हे सगळ्यांना ठाऊक होतं. १८१३ च्या मार्चमध्ये फ्रेंचांविरुद्ध लढायला आपखुशीने कोण येतं म्हणून खानावळीसमोर ढोल वाजला, तेव्हा गावातून दोघेच पुढे आले. एक कोर्ड आणि दुसरा गेशेचा भाऊ हेन्के. डीर्क लोमानही तेव्हा ऐन उमेदीतला होता, पण त्याच आठवड्यात त्याला पोटदुखी झाली आणि ती थेट जत्रेच्या दिवशी बरी झाली. पुढे ग्योर्डच्या जंगलात कोर्डच्या गुडघ्यात गोळी शिरली. हेन्केने त्याला पाठीवर घेतलं आणि झाडीच्या कडेपर्यंत आणलं. तिथे दुसरी गोळी हेन्केला लागली. कोर्ड परत आला तेव्हा सांगायला त्याच्याकडे एवढंच होतं, आणि गेशेने ते त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

सगळं बदललं ते पदकाने. राजाला इतक्या वर्षांनी आठवण झाली की त्या मार्चमध्ये काही पोरं कुणी न बोलावता आली होती. जिंकलेल्या तोफा वितळवून त्याने पदकं पाडली. पण ती फक्त हयात असलेल्यांना. मेलेल्यांच्या छातीवर कुठे लावणार? हिवाळ्याच्या तोंडावर एक अधिकारी घोड्यावरून आला आणि त्याने चर्चच्या पायरीवर कोर्डच्या फाटक्या कोटाला पिवळ्या-पांढऱ्या फितीचं ते पदक टोचलं. कोर्ड रडला. टोचताना पिन लागली म्हणून रडला असं नंतर टीडेमानच्या थोरल्या मुलाने खानावळीत सांगितलं आणि लोक हसले.

पुढच्या रविवारी मात्र कुणी हसलं नाही. पाद्रीबुवांनी प्रवचनानंतर जाहीर केलं की चर्चच्या भिंतीवर ओकची एक फळी बसवायची. पदकवाला वारला की त्याचं पदक त्या फळीवर टांगायचं, खाली त्याचं नाव, आणि त्याखाली ज्या घरातून त्याची अंत्ययात्रा निघेल त्या घराचं नाव. चर्चमध्ये प्रत्येक शेतकऱ्याचा बाक ठरलेला, फळी त्या घराच्या बाकावरच्या भिंतीला लागेल. येत्या मार्चमध्ये, पोरं लढायला निघाली त्या तारखेला, राजाकडून एक उमराव येणार आणि फळीवर ज्या घराचं नाव असेल त्या घराच्या मालकाचा हात हातात घेणार.

बाकांवर चुळबूळ सुरू झाली. इल्साबे लोमानने समोर बघितलं. समोर, पहिल्या बाकावर, तीन पिढ्यांपासून टीडेमान बसत आले होते, आणि तीन पिढ्या लोमानांनी त्यांच्या माना बघत देवाचं नाव घेतलं होतं. मग तिने मान वळवून दाराजवळ उभ्या असलेल्या कोर्डकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्याकडे नीट, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. तो खोकत होता.

त्या आठवड्यात कोर्ड गेशेकडे पाळीला होता. चुलीपुढे बसून त्याने पदक काढून तिच्या हातात दिलं.

"हे तुझ्याकडे लागणार," तो म्हणाला. "मी मरेन तर इथेच मरेन. तुला बाक नाही, तू दाराजवळ उभी असतेस ना, त्या भिंतीवर फळी. हेन्केला मिळालं नाही, त्याच्या बहिणीच्या डोक्यावर तरी असू दे."

गेशेने ते वजन करून बघावं तसं हातात धरलं. "मला हवंय ते. खोटं कशाला बोलू? हेन्केचं कुठेच काही नाही, ना दगड ना नाव." मग तिने ते त्याच्या कोटाला परत लावलं. "पण मरायची घाई करू नकोस. लाकूड महाग झालंय."

"शब्द देतो."

"तुझा शब्द!" गेशे म्हणाली, पण तिला बरं वाटलं होतं. त्या रात्री तिने लापशीत चरबी घातली.

मग पाळी पुढे सरकली, आणि कोर्डच्या आयुष्यात सुगी आली. ज्या घरांनी त्याला उष्टी लापशी दिली तिथे आता त्याच्या ताटात सॉसेज पडू लागलं. "अरे कोर्ड" चा "कोर्ड, बसा ना" झाला. बायका त्याच्या खोकल्याची चौकशी करत आणि खोकला कमी आहे म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. कोर्ड काही खुळा नव्हता. हे सगळं कशासाठी चाललंय ते त्याला पहिल्या सॉसेजलाच कळलं. पण इतकी वर्षं ज्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही त्याच्या हातात एकदम सगळ्या गावाचा लगाम आला, तर तो खेचणार नाही तर काय करणार? तो खेचू लागला.

टीडेमानांकडे त्याने छातीवर हात ठेवून असा काही श्वास ओढला की म्हातारी टीडेमानीण पाद्रीला बोलवायला धावली. पाद्री आल्यावर हा उठून बसला. "जाऊ दे," तो म्हणाला, "सूप पातळ आहे. या घरात मरावंसं वाटत नाही." एका घरी त्याने मालकिणीला पायातले लाकडी जोडे काढायला लावले. दुसऱ्या घरी मटणाचा रस्सा खारट झाला म्हणून तो ताट सरकवून गोठ्यात जाऊन पडला आणि घरच्यांना बाहेरून गयावया करायला लावलं. ज्यांनी त्याला दगडापाशी टाकलं होतं त्यांना तो सोडणार नव्हता. त्याला मजा येत होती. आयुष्यात फार थोड्या वेळा त्याला मजा आली होती, त्यामुळे ती कुठे थांबवायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या तोंडी पाळी लोमानांकडे आली. यंदाच्या क्रमात लोमानांनंतर पुन्हा गेशे. कोर्ड आत शिरला तो सरळ चुलीपाशी गेला आणि डीर्कच्या खुर्चीत बसला. एरवी तो "मालक" म्हणायचा.

"काय डीर्क," तो म्हणाला, "पोटदुखी कशी आहे?"

डीर्क लाल झाला. इल्साबे हसली. "जुनं काय काढताय हो! काय वाढू? हॅम काढू का वरून?" वर आढ्याला, चुलीच्या धुरात, हॅमची रांग टांगलेली होती.

"काढ. आणि झोपायचं काय?"

"ब्लेसच्या शेजारी पेंढा ताजा घातलाय. तुम्हाला तीच गाय आवडते ना."

ब्लेस म्हणजे कपाळावर पांढरा पट्टा असलेली थोरली गाय. तिच्या कुशीला पाठ लावून कोर्डने कितीतरी हिवाळे काढले होते. पण आता त्याने मान हलवली.

"राजाचं पदक छातीवर घेऊन गोठ्यात झोपू? मला मानाची खोली पाहिजे."

मानाची खोली चुलीच्या मागे, घराच्या अगदी टोकाला. चुना मारलेल्या भिंती, लग्नातल्या कापडाचं कपाट, नक्षीचा पलंग आणि त्यावर पिसांची गादी. आमच्याकडे त्या खोलीत कुणी राहत नाही. पाद्रीबुवा जेवायला आले तर ती उघडते, आणि घरात कुणी मेलं तर तिथे मांडून ठेवतात. तिथे शेगडी नसते. मढ्याला काय करायची शेगडी? कोर्डने ती खोली आतून कधी पाहिलीच नव्हती. दार अर्धवट उघडं असताना पलंगाचा पाय तेवढा दिसे. त्याच्या लेखी जगातलं सगळं सुख त्या दाराच्या मागे होतं.

इल्साबेने नवऱ्याकडे बघितलं, मग कोर्डकडे. "अगदी बरोबर बोललात," ती म्हणाली. "आम्हालाच सुचायला हवं होतं."

पहिले दोन दिवस कोर्ड पिसांच्या गादीत लोळला. रात्री गारठा हाडात शिरे, पण त्याला वाटलं मोठ्या माणसांना असंच वाटत असेल. दिवसा तो चुलीपाशी डीर्कच्या खुर्चीत बसे आणि हॅम खाई. शनिवारी संध्याकाळी घंटा झाली तेव्हाही तो तिथेच होता, भोवती लोमानांचे गडी आणि मोलकरणी, आणि तो त्यांना लढाईच्या गप्पा सांगत होता. मोठ्या दारातून गेशे हातगाडी ओढत आत आली. हातगाडीत तिने मेंढीचं कातडं अंथरलं होतं.

"चल कोर्ड. माझी पाळी."

"थांब जरा," इल्साबे पुढे झाली. "त्यांना यायचंय का ते तरी विचार. आणि खोपट कुणाच्या जमिनीवर आहे ते विसरून बोलू नकोस."

"मी त्याच्याशी बोलतेय." गेशे कोर्डकडे वळली. "येतोस ना?"

कोर्डने तिच्याकडे बघितलं. तिच्या मागे उघडं दार, बाहेर बर्फ. समोर चूल, हातात हॅम, आणि भोवती माणसं, तो काय म्हणतो ते ऐकायला थांबलेली. असं कुणी त्याच्यासाठी कधी थांबलं नव्हतं.

"तुझ्या खोपटात धूर फार," तो म्हणाला. "माझी फीत काळी पडेल."

गडी हसले. गेशे हसली नाही. "शब्द दिला होतास."

"लापशीत चरबी कितीशी होती त्या दिवशी? तेवढाच शब्द."

आता मोलकरणीही हसल्या. गेशे हातगाडीचा दांडा घट्ट धरून उभी राहिली. "हेन्केने तुला पाठीवर घेतलं होतं," ती हळू म्हणाली. "तेही विसरलास?"

"विसरतोय कशाला? नीट धरलं नव्हतं त्याने. म्हणून तर गुडघा अजून दुखतो."

यावर जो हशा झाला त्याने गाईसुद्धा बिचकल्या. कोर्डही हसला. हसता हसता त्याने गेशेचं तोंड बघितलं आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं, पण हशा अजून चालू होता आणि तो त्याच्यासाठी होता. गेशेने हातगाडी वळवली. ती रिकामी हातगाडी दारातून बाहेर जाईपर्यंत कोर्ड तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने आणखी हॅम मागितलं आणि ते त्याला खाववलं नाही.

सोमवारी खोकला छातीत उतरला. मंगळवारी तो उठून चुलीपर्यंत जाऊ शकला नाही.

"शेगडी आण इकडे," तो म्हणाला.

"मानाच्या खोलीत शेगडी कुठे असते हो?" इल्साबे त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत म्हणाली. "चुना काळा होईल. लोक आल्यावर काय म्हणतील?"

"मग मला ब्लेसपाशी ने."

"राजाच्या माणसाला गोठ्यात ठेवू? गाव शेण घालेल आमच्या तोंडात. तुम्हीच म्हणालात ना!" आणि हवा कोंदट झाली म्हणून तिने खिडकीची झडप उघडी ठेवली.

तिने त्याला बोट लावलं नाही, आणि कुणी विचारलं असतं तर तिने बायबलवर हात ठेवून तसं सांगितलं असतं. रोज ती स्वतः पांढरा पाव आणि मध घेऊन यायची. बशी बाजूला ठेवायची, त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप बघायची, आणि पदक त्याच्या सदऱ्यावर सरळ करून जायची. ते पितळेचं गार वजन त्याला रात्रभर छातीवर जाणवे. मधावर गारठ्याने साय धरल्यासारखा थर आला होता.

गुरुवारी डीर्क सुताराला घेऊन आला. सुताराने दोरी काढली आणि कोर्डच्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरली.

"हे काय?" कोर्डने विचारलं.

"पलंग आखूड पडतोय तुला," डीर्क खिडकीकडे बघत म्हणाला. "लांब करून घेतोय."

सुताराने खांद्यांची रुंदीही मोजली. पलंगाला खांद्यांची रुंदी लागत नाही एवढं कोर्डलाही कळत होतं. सुतार गेल्यावर त्याने डीर्कची बाही धरली.

"मालक," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो शब्द त्याच्या तोंडात आला. "मालक, गेशेला निरोप धाडा. तिची पाळी अजून बाकी आहे, शनिवारी येऊ दे. तिला म्हणावं हातगाडी आण."

डीर्कने बाही सोडवून घेतली. तो वाईट माणूस नव्हता, फक्त भित्रा होता, आणि अशा घरात भित्रा माणूस पुरतो. "तूच तर हाकललंस तिला. सगळ्यांसमोर," तो म्हणाला. "आता मी कोणत्या तोंडाने बोलावू?"

शनिवारी दुपारनंतर घर शांत झालं. डीर्क आणि गडी चर्चमध्ये भिंतीला खुंट्या ठोकायला गेले होते, लोमानांच्या दुसऱ्या बाकावरच्या भिंतीला. इल्साबे मागे कोंबड्यांकडे होती. कोर्ड अर्धवट झोपेत होता तेव्हा घंटा सुरू झाली. इतकी वर्षं त्या घंटेला तो उठत आला होता. आताही त्याचे पाय आपोआप पलंगावरून खाली आले. जमीन बर्फासारखी होती. तो उभा राहिला, पडला, आणि मग त्याने उभं राहायचा नाद सोडला.

हातांवर आणि एका गुडघ्यावर तो दारापर्यंत आला. चुलीपाशी उबेत क्षणभर थांबावंसं वाटलं, पण थांबलो तर परत निघता येणार नाही हे त्याला माहीत होतं. तो मळणीच्या जागेत उतरला. पलीकडच्या टोकाला मोठं दार होतं. दाराबाहेर पडलं की लोमानांचं छप्पर संपलं. मग रस्त्यात मेलो तरी चालेल, बर्फात मेलो तरी चालेल. आणि गेशे येईल. एवढं बोलल्यावर ती कशाला येईल, असं त्याला वाटलं, आणि तरी ती येईल असंही वाटलं, कारण तो दगडापाशी पडला होता तेव्हा ती आली होती.

अर्ध्या वाटेवर, दोन्ही बाजूंना गाई होत्या तिथे, त्याचे हात लटपटले. तो कुशीवर पडला तो ब्लेसच्या पेंढ्यात. गाईने मान वळवून त्याला हुंगलं आणि एक लांब गरम उसासा टाकला. तिची कूस त्याच्या पाठीला लागली. ती ऊब त्याच्या अंगात इतकी सावकाश आणि इतकी खोल शिरली की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपण ही जागा आपण होऊन सोडली, एका पलंगासाठी सोडली, हे त्याला आता चांगलं दिसत होतं. थोडा वेळ, त्याने स्वतःला सांगितलं. थोडा दम घेतो आणि निघतो.

मोठ्या दारावर थाप पडली.

"उघडा! गेशे आहे. कोर्डला न्यायला आलेय."

कोर्डने तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसती घरघर. त्याने हात पुढे केला आणि पेंढा धरला.

चुलीकडून पावलं आली. इल्साबेने आधी रिकाम्या मानाच्या खोलीकडे बघितलं होतं, आता ती गाईंच्या मधोमध उभी राहिली आणि तिने खाली बघितलं. कोर्डने तिच्याकडे बघून दाराकडे बोट केलं. ती दाराकडे गेली. कोर्डला वाटलं ती उघडतेय. तिने अडसर नीट बसला आहे का ते चाचपून बघितलं.

"झोपलेत ते," ती दारातून म्हणाली. "उद्या ये."

"पाळी अजून माझीच आहे, इल्साबे! घंटा होतेय. गावाचा नियम आहे."

"आजारी माणसाला बर्फातून नेणार? देवाला काय तोंड दाखवशील?"

"तुम्ही नेलं होतं ना शेणाच्या गाडीतून!" गेशेने दोन्ही मुठींनी दार बडवलं. "कोर्ड! कोर्ड, मी राग धरला नाही रे! आवाज दे एकदा, मी दार फोडून आत येते!"

कोर्डने सगळा जीव गोळा केला. ब्लेसने पाय बदलला, साखळी वाजली, आणि त्याच्या गळ्यातून जे काय आलं ते त्या आवाजात बुडालं.

इल्साबेने कोपऱ्यातली तिवई घेतली आणि बादली घेतली. दूध काढायची वेळ झालीच होती. ती ब्लेसच्या दुसऱ्या अंगाला बसली आणि कपाळ गाईच्या कुशीला टेकवून धारा काढू लागली. "शांत पडा," ती कोर्डला म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखर मऊ होता. "इथेही आमचंच छप्पर आहे. फार वेळ लागायचा नाही." बाहेर थापा पडत होत्या, आत धारा पडत होत्या. घंटा थांबली. मग थापा थांबल्या, आणि हातगाडीचं चाक कुरकुरत लांब गेलं. बादली भरली तेव्हा इल्साबेने वाकून त्याच्या तोंडाशी हात नेला, आणि मग बाहेर जाऊन चर्चमधून परतणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. लोक यायच्या आत त्यांनी त्याला उचलून मानाच्या खोलीत ठेवलं.

माती फार थाटात झाली. हॅमची अख्खी रांग संपली. रिवाजाप्रमाणे मढ्याला अंघोळ घालायला शेजारच्या बायका आल्या, त्यांत गेशे होती. इल्साबेने सदरा बदलला होता, पण घाईत तेवढंच केलं होतं. गेशेने कोर्डचे तळवे उघडले तर त्यांत शेण होतं. गुडघ्याला शेण होतं, मुठीत पेंढा होता. तिने ते सगळं हळूहळू धुतलं. मानाच्या खोलीतून तो कुठे निघाला होता आणि कुठपर्यंत पोचला होता हे तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. ती दाराच्या त्या बाजूला होती आणि तो या बाजूला.

मार्चमध्ये उमराव आला. ओकच्या फळीवर पदक टांगलेलं होतं, खाली कोर्ड वीबे, आणि त्याखाली लोमान, जरा मोठ्या अक्षरात. टीडेमान आपल्या पहिल्या बाकावर माना वळवून बसले होते. उमरावाने डीर्कचा हात हातात घेतला. डीर्कच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पाद्रीबुवांना वाटलं ते देशप्रेमाने आलं.

"तुमच्याच घरचा होता तर," उमराव म्हणाला.

"आमच्याच छपराखाली गेला," इल्साबे म्हणाली. "पिसांच्या गादीवर, मानाच्या खोलीत."

"खोटं आहे!" मागून दाराजवळून आवाज आला. सगळ्यांनी मागे बघितलं. गेशे भिंतीला धरून उभी होती. "त्याच्या तळव्यांना शेण होतं. गाईंमधून रांगत येत होता तो. माझ्याकडे येत होता, आणि हिने दार लावलं!"

अंघोळ घालणाऱ्या सगळ्या बायकांनी ते शेण पाहिलं होतं. त्यांच्या नवऱ्यांना ते त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि सगळ्यांनी ते हॅम खाल्लं होतं. कुणी आपल्या जोड्यांकडे बघितलं, कुणी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

"काय म्हणतेय ती?" उमरावाने विचारलं. त्याला आमची गावठी बोली नीट समजत नव्हती.

इल्साबेने मान वळवून गेशेकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, नीट. "म्हातारी आहे बिचारी," ती म्हणाली. "डोकं चालत नाही. खोपट पडायला आलंय तिचं, आम्ही पाडूनच टाकतोय. पण गाव सांभाळेल तिला. आमच्याकडे फार चांगली रीत आहे."

पाद्रीबुवांनी लगेच उमरावाला त्या रीतीची माहिती द्यायला सुरुवात केली. पुढच्या शनिवारी घंटा झाली तेव्हा गेशे गाठोडं घेऊन टीडेमानांच्या दारात उभी होती, आणि तिला खोकला लागला होता.